नुसतं बसण्याचं आमंत्रण

तीर्थस्वरूप दाजी यांस,

आपल्या एकुलत्या एका मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरचा. प्रत्यक्ष भेटीत नेहमीसारखा उभ्याउभ्याच करीन.) आपण सर्व कुशल असाल, तुमचा खोकला गेला असेल, ताईचा चष्मा सापडला असेल आणि तो सापडेपर्यंत तिने तुमच्यावर घेतलेला संशयही फिटला असेल, असं धरून चालतो. सापडला नसेल तर हे पत्र तिला नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवा. आवाज चढवायच्या जागा मी अधोरेखित केल्या आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? मागे तो पट्टा आणला होतात, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असलेला, तो अजून लावता का? सहज विचारलं. आम्ही इकडे मजेत आहोत. माझी तब्येत ठणठणीत आहे. 'ठणठणीत' या शब्दाखाली दोन रेघा आहेत, तिथे घसा खाकरून मग वाचा.

तुमचं पत्र पोचलं. "या वयात कशाला दारोदार फिरतोस? सरळ इकडे ये आणि माझ्या रंगाच्या दुकानात गल्ल्यापाशी बस. काही करायचं नाही, नुसतं बसायचं," असं तुम्ही लिहिलंत. हे वाक्य मी दोनदा वाचलं, मग हिने वाचलं आणि डोळे पुसले. (कांद्यामुळे पाणी आलं म्हणाली. घरात कांदा नव्हता.) दाजी, खरं सांगतो, आजकाल आपल्या माणसासाठी इतक्या मोकळ्या मनाने जागा कोण करतं? तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण मी येणार नाही. आणि का येणार नाही हे दोन ओळींत सांगितलं तर ताई म्हणेल याचा ताठा अजून गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ताठा गेलेला नाही हे खरंच आहे, पण त्याचं कारण तिला समजू दे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी त्या बुटांच्या दुकानात लागलो तेव्हा मला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. दुकानात खुर्च्या पुष्कळ होत्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या होत्या. सेल्समनने एकतर उभं राहायचं, नाहीतर गिऱ्हाइकासमोर एक गुडघा टेकून खाली जायचं; तिसरी अवस्था नव्हती. पहिल्याच दिवशी मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, माणसाच्या पायाशी बसायचं, पाया पडायचं नाही. त्याची टाच आपल्या मांडीवर, आपली मान ताठ." मी ते इतकं मनावर घेतलं की दुपारी दुकान रिकामं असायचं तेव्हाही मला खुर्चीकडे बघायची लाज वाटायची. जेवणसुद्धा मागच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीला टेकून व्हायचं. असा सबंध जन्म काढला. मग मालक गेले, त्यांच्या चिरंजीवांनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं आणि निरोपाच्या दिवशी मला हार घालून भेट काय दिली, तर आरामखुर्ची! "काका, आयुष्यभर उभे राहिलात, आता बसा." पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, माझ्या गळ्याशी येऊन रडलाही. पण मला तर थोबाडीत बसल्यासारखं झालं. खुर्ची घरी आणली, कारण हार गळ्यात असताना ती रस्त्यात सोडता येईना. त्या दिवसापासून ती आमच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि मी तिच्यात टेकलेलो नाही. हिने आधी तिच्यावर वाळलेले कपडे ठेवले, मग इस्त्रीचे, आता दोन्ही ठेवते.

त्यानंतर मी नोकरी शोधायला लागलो. जाहिराती वाचल्या. सगळ्यांना 'उत्साही तरुण' हवे होते. मी म्हटलं दोन अटी आहेत, त्यातली एक मी पुरी करतो, निम्मं तर जमलं, आणि फोन लावले. फोनवर माझा आवाज चांगला लागतो. चामडं कोणतं, रबर कोणतं, टाच आतून झिजणाऱ्याला काय द्यायचं, असं सगळं छान बोलणं व्हायचं, पलीकडचा माणूस "वा, वा" म्हणायचा आणि मग सहज विचारायचा, वय? अठ्ठावन्न म्हटलं की त्याच्याकडची रेंज जायची. एकाच शहरात इतक्या ठिकाणी एकाच शब्दाला रेंज जाते हा प्रकार टेलिफोनवाल्यांनी तपासायला हवा.

तेव्हा आमच्या मुलीने सूत्रं हातात घेतली. तिने माझा बायोडेटा नव्याने लिहिला. त्यात माझी जन्मतारीख नव्हती, शाळा सोडल्याचं वर्ष नव्हतं, लग्न नव्हतं आणि ती स्वतःही नव्हती. ("बाबा, मला बघून हिशेब लावतील.") फोटो तिने जुन्या अल्बममधून काढला. मिशा काळ्याभोर, कपाळ आज आहे त्याच्या निम्मं, नजर कुठेतरी लांब. तो फोटो पाहून एका मोठ्या मॉलमधल्या दुकानाने मला ताबडतोब बोलावलं. गेलो. दारावरच्या सुरक्षारक्षकाने यादीतला फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "मुलगा आत गेला का? तुम्ही त्या बाकावर बसा, पालकांची सोय तिकडे आहे." बाकावर खरोखरच चार-पाच आईबाप बसले होते. मी बाकाशेजारी उभा राहिलो. एका बाईंनी सरकून जागा केली आणि विचारलं, "तुमचा मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, "मी स्वतः." त्यांनी आधी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. मग थोड्या वेळाने तीच पर्स उघडून मला बिस्किट दिलं आणि म्हणाल्या, "होईल हो तुमचंही." दाजी, ते बिस्किट मी खाल्लं. अभिमान आपल्या जागी, पण इतक्या दिवसांत 'होईल' म्हणणारी ती पहिलीच. आतला तरुण अधिकारी मात्र म्हणाला, "सर, आमची टीम फार यंग आहे, तुम्हाला एकटं वाटेल." मी म्हटलं, "मला एकटं वाटतं का ते मी बघतो, तुम्ही माझं काम बघा." त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आला. काम तेवढं पाहिलं नाही.

दुसरीकडे जे झालं त्यात थोडा दोष माझ्या खोडीचाही आहे. माणूस भेटला की मी आधी त्याचे पाय पाहतो, तोंडाकडे नंतर जातो. (तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा तुमचे बूट दाराशी पाहून मी आत जाऊन ताईला सांगितलं होतं, माणूस सरळ आहे, दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. इतक्या वर्षांत तिने तक्रार केलेली नाही, निदान टाचांबद्दल.) तर हे ऑफिस फोनवरून बूट विकणाऱ्यांचं होतं. खोलीत दोघेजण होते. एकाच्या पायात तपकिरी चामड्याचे बूट, आरशासारखे चमकणारे, नाड्यांचे फासे अगदी सारखे. दुसरा रबरी स्लिपरा काढून खुर्चीवर मांडी घालून बसलेला. मी अर्थातच तपकिरी बुटांसमोर उभा राहिलो आणि माझी सगळी कहाणी सांगितली. मध्ये स्लिपरवाल्याला म्हटलंसुद्धा, "जरा दार ओढून घेता का, बाहेर आवाज फार आहे." त्याने उठून ओढून घेतलं. तपकिरी बुटांनी फार मन लावून ऐकलं, दोनदा "अगदी बरोबर" म्हणाले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, तुमचं सगळं पटलं मला, पण मी इथला नाही. मी एसी दुरुस्तीला आलोय, पार्ट यायचाय म्हणून थांबलो." मालक कोण हे तुम्ही ओळखलंच असेल.

मालक भला होता, पोट धरून हसला. मग त्याने मांडी मोडून मला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, "उभा." तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हटलं, "दुकानात, उभा." त्यावर त्याने मान डोलावली. मला वाटलं उत्तर लागू पडलं. पण तो हळूच म्हणाला, "काका, तुमचा अनुभव आमच्यासाठी जरा जास्तच होतो." आता बघा, इतकी वर्षं मी गिऱ्हाइकं पाहिली. बूट चावतो म्हणून परत आणलेला पाहिला, रंग उडाला म्हणून पाहिला, बायकोला आवडला नाही म्हणून तर रोज पाहिला. पण बूट जरा जास्तच चांगला आहे, म्हणून परत घ्या, असं म्हणणारा एकही भेटला नाही.

ही बिचारी या सगळ्यात फार काही बोलत नव्हती. एकदा तिने केसांच्या रंगाचं पाकीट आणून माझ्या आरशापुढे ठेवलं आणि जणू ते आपोआप आलं अशा चेहऱ्याने आत गेली. शेजारच्या न्हाव्यालाही तिने पढवलं असावं, कारण तो आपण होऊन म्हणाला, "काका, दहा वर्षं कमी करून देतो." मी म्हटलं, "ती दहा वर्षं मी उभ्याने काढलीत बाबा, तू ती अर्ध्या तासात कुठे नेतोस?" पाकीट अजून तसंच आहे. तुमच्या दुकानात रंग एवढे आहेत, पण हा तुमच्या उपयोगाचा नाही, नाहीतर पाठवला असता.

आता थोडं गंभीर लिहितो. इथे आवाज चढवू नका, उतरवा. मला राग येतो, दाजी. तुला काम येत नाही असं कोणी म्हटलं असतं तर मी मान खाली घालून घरी आलो असतो आणि त्या खुर्चीत बसलोही असतो. पण कोणी काम बघितलंच नाही. सगळे चांगले वागले, सगळ्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, 'सर' म्हटलं, 'काका' म्हटलं. एवढा मान मला नोकरीत असतानाही कोणी दिला नव्हता. रस्त्याने परत येताना वाटायचं, हे लोक मला हळूच धरून कडेला नेऊन ठेवताहेत. आणि तेवढ्यात तुमचं पत्र आलं, 'नुसतं बसायचं.' तुमच्यावर नव्हे, पण त्या शब्दांवर मी रात्रभर चिडलो होतो, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, पायाचं माप घ्यायची माझी लाकडी पट्टी पिशवीत टाकली (जुन्या दुकानातून मी मागून घेतलेली तेवढी एकच वस्तू) आणि फोन न करता, बायोडेटा न घेता बाहेर पडलो.

मोठ्या रस्त्यावर एक तीन मजली चपला-बुटांचं दुकान नवीन झालं आहे. दार काचेचं, समोर गेलं की आपोआप उघडतं. माझ्यासाठीही उघडलं. निदान दाराने वय विचारलं नाही. आत मॅनेजरबाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या, पायात काळे कापडी बूट, अंगठा आतून टेकलेला. त्यांच्याआधी एक पोरगा मुलाखत देऊन चालला होता, त्याला त्यांनी विचारलं ते मी ऐकलं : सुट्टीच्या दिवशी याल का, आणि कधीपासून याल. मला म्हणाल्या, "बसा ना काका." मी उभाच राहिलो. मग अवघडून म्हणाल्या, "इथे दिवसभर खाली बसावं लागतं, उठावं लागतं. तुम्हाला जमेल?" मी विचारलं, "हे त्या मुलाला विचारलंत?" त्या म्हणाल्या, "नाही." मी म्हटलं, "मग मलाच का?" बाई खऱ्या निघाल्या. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं वय बघून." दाजी, इतक्या दिवसांत हे तोंडावर म्हणणारी पहिली व्यक्ती! मला एकदम बरं वाटलं. मी म्हटलं, "विचारू नका, बघा," आणि त्यांच्यासमोर एका गुडघ्यावर खाली गेलो. पाठ सरळ, मान ताठ, कशालाही हात न लावता. मालक असते तर त्यांनी डोळे पुसले असते. खाली पोचल्यावर 'कट्ट' असा आवाज आला. मॅनेजरबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मी म्हटलं, "फरशी असेल."

आता खाली गेलोच आहे तर आणखी थोडा वेळ खाली थांबावं, असं मी ठरवलं. घाईघाईने उठण्यात काय अर्थ? मी पट्टी काढून मॅनेजरबाईंचंच माप घेतलं आणि सांगितलं, एक नंबर मोठा घ्या. त्या म्हणाल्या, "मला घट्टच आवडतात." गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हाही मालकांचाच नियम, म्हणून मी "अगदी बरोबर" म्हटलं. मग तिथल्या दोन विक्रेत्या मुलींची मापं घेतली. मग खालच्या कप्प्यातल्या चपला सरळ केल्या. सोफ्याखाली जोडीदार हरवलेला एक बूट सापडला, तो म्हणे सगळं दुकान आठवडाभर शोधत होतं. वरून कसा सापडणार? मॅनेजरबाई एकदोनदा म्हणाल्या, "काका, उठा आता, पाहिलं मी." मी म्हटलं, "कामात आहे."

एवढ्यात एक आजीबाई आल्या. अंगाने भरलेल्या, हातात काठी, बरोबर कोणी नाही. त्या दुकानात पायाचं माप घ्यायला एक मशीन आहे, त्याच्यावर चढून उभं राहिलं की पडद्यावर आकडा येतो. आजीबाई त्या मशीनकडे विहिरीकडे बघावं तसं बघत होत्या. मी खालूनच हाक मारली, "आई, इकडे या, इथे चढायचं काही नाही." त्या सोफ्यावर बसल्या. (तो सोफा इतका खोल आणि बुटका आहे की बसणारा पुन्हा उठू नये अशीच इच्छा धरून कोणीतरी बनवला असावा.) त्यांनी टाच माझ्या मांडीवर ठेवली, अन् खरं सांगतो, मला भरून आलं. किती महिन्यांनी! मग जे मी सुरू झालो ते झालोच. पाय सुजरे, म्हणून मऊ हवा. काठी उजवीकडे, म्हणून डावा अंगठा दुखतो का. जिन्याने जाता की लिफ्टने. मी जागचा हललो नाही. "तो वरचा खोका दे बेटा, तो नाही, त्याच्या शेजारचा," असं म्हणत बसल्या जागेवरून त्या दोन मुलींना मी सारखं पळवत होतो. (मॅनेजरबाई नंतर म्हणाल्या, हाताखालच्यांकडून काम करून घ्यायची तुमची हातोटी फार छान आहे.) आजीबाईंनी दोन जोड घेतले, एक स्वतःला आणि एक, म्हणाल्या, असू दे.

आणि मग निघायची वेळ आली. आजीबाईंना उठताना आधार लागणार हे उघडच होतं. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आम्ही दोघे बरोबर उठलो आणि बरोबर उभे राहिलो. सगळं दुकान बघत होतं. आजीबाई दारातून बाहेर पडल्या तशा मॅनेजरबाई माझ्याकडे आल्या. मग म्हणाल्या, "काका, ही उठवायची पद्धत कुठे शिकलात?" मी म्हटलं, "आमच्या जुन्या दुकानाची आहे." "गिऱ्हाईक उठताना त्याच्याबरोबर उठायचं?" "बरोबरच. आपण आधी उठून उभं राहिलं तर त्याला कमीपणा वाटतो." हे मला त्या क्षणी सुचलं, पण सुचल्यावर पटलंही.

थोडक्यात, मला नोकरी लागली. (हे वाक्य अधोरेखित आहे. ताईला दोनदा वाचून दाखवा.) पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून रुजू व्हायचं आहे. त्या माझ्या बिल्ल्यावर 'ज्येष्ठ सेल्समन' छापणार होत्या, तो 'ज्येष्ठ' मी काढायला लावला. त्या मुलाच्या बिल्ल्यावर 'कनिष्ठ' असेल तर माझ्यावर 'ज्येष्ठ' घाला, म्हटलं. शिवाय त्यांना ती पद्धत इतकी आवडली आहे की रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सगळ्या मुलामुलींसमोर ती करून दाखवायची आहे. कशालाही हात न लावता खाली, आणि कशालाही हात न लावता वर.

तेव्हा दाजी, तुमच्या गल्ल्यापाशी ठेवलेली ती जागा मोकळी करा. तुमच्या आमंत्रणाचा राग नाही, उलट आता नोकरी लागल्यावर ते वाचलं की गोडच वाटतं. ताईला सांगा, तुझा भाऊ या वयात, कोणाच्या शिफारशीशिवाय, स्वतःच्या पायांवर उभा राहून नोकरी मिळवून आला. घरातल्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. त्यांचे बूट घेताना मला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आपला ताठ मानेचा मेहुणा

ता. क. : ताईला वाचून दाखवणं इथे थांबवा. "नमस्कार लिहिलाय, संपलं," असं म्हणून कागदाची घडी घाला आणि पुढचं गच्चीवर जाऊन वाचा.

दाजी, माझा डावा गुडघा खाली गेला तो वर यायलाच तयार होईना. मी तिथे थांबायचं ठरवलं वगैरे काही नाही, अडकलो होतो. मॅनेजरबाईंनी हात पुढे केला असता तर मी तो धरला असता आणि तिथेच सगळं संपलं असतं, म्हणून मी पुढच्या माणसाचं माप घेत सुटलो. आजीबाई देवासारख्या आल्या. उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी वाकून माझ्या कानाशी विचारलं, "अडकलाय का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "माझंही तेच आहे. तुम्ही मला ओढा, मी तुम्हाला ओढते. आणि एक-दोन-तीन म्हणू नका, लोकांना कळेल." अशी ती आमच्या जुन्या दुकानाची पद्धत. सोमवारी सकाळी मला ती सगळ्यांसमोर करून दाखवायची आहे आणि त्या वेळी आजीबाई नसतील. तुमचा तो पोलादी पट्ट्यांचा पट्टा, जुना असला तरी चालेल, कुरियरने पाठवाल का? विजारीच्या आत बसायला हवा. वर 'पुस्तकं' लिहा, म्हणजे ही उघडून बघणार नाही. तिला यातलं काही माहीत नाही आणि कळता कामा नये. तुमच्याशिवाय कोणाकडे मागणार?

आणखी ता. क. : हे पत्र मी आरामखुर्चीत बसून लिहिलं आहे. कपडे खाली ठेवले, लिहून झालं की पुन्हा वर ठेवीन. खुर्ची तशी चांगली आहे. मालकांच्या मुलाचं चुकलं ते इतकंच की त्याने ती दिवसभरासाठी दिली. मी ती संध्याकाळपुरती घेतो आहे.

(यापुढचं अक्षर माझं, म्हणजे तुमच्या मेहुण्याच्या बायकोचं. दाजींना आणि ताईंना नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. ती 'कट्ट' वाजणारी फरशी मला रोज सकाळी हे अंथरुणातून उठताना ऐकू येते. तसला पट्टा मी मागच्याच महिन्यात आणून कपाटात ठेवला आहे, पण मला यांनी 'ठणठणीत' सांगितलंय, तेव्हा माझ्या हातून ते घेणार नाहीत. केसांच्या रंगाचं काय झालं ते तुम्ही वाचलंतच. म्हणून पट्टा या पत्राबरोबरच पार्सल करते आहे. तो तुमचा म्हणून उलट पाठवा. तुमचा तुमच्याकडेच राहू दे, तुम्हाला लागतो. नवा वाटू नये म्हणून मी दोनदा धुतला आहे, तुम्हीही एक दिवस लावून मग पाठवा, आणि वर 'पुस्तकं' लिहायला विसरू नका. ताईंपासून लपवायची गरज नाही, त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं आहे, चष्माही त्यांना केव्हाच सापडला आहे. या माणसाने लग्नापासून आजवर कोणाकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही, तुमच्याकडे मागितलं, म्हणून नाही म्हणू नका. सोमवारच्या आत पोचायला हवा. त्या दिवशी सकाळी मी त्या दुकानासमोर जाऊन काचेतून बघणार आहे. हे खाली कसे जातात ते मला माहीत आहे. मला यांना उठताना बघायचं आहे.)